मागच्या बाकावरची शांतता

विज्ञानही मराठीतूनच शिकून दहावी झालेला मुलगा पुण्यात अकरावी सायन्सला येतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात गोंधळतो. त्वरण, संवेग, जडत्व यांची त्याला चांगली ओळख असते. पण फळ्यावर ॲक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया अवतरतात आणि ओळखीची माणसे वेष पालटून आल्यासारखे वाटते.

शब्द काही महिन्यांत अंगवळणी पडतात. घात करते ती दुसरीच गोष्ट. 'सर्वांना समजते, मलाच समजत नाही' असे त्याच्या मनात बसते. शंका विचारली तर हसतील म्हणून तो गप्प राहतो, मागच्या बाकावर सरकतो, पुढे तास बुडवू लागतो. गुण घसरतात ते यानंतर.

भीतीने बुद्धी कमी होत नाही; जागा कमी पडते. उदाहरण सोडवताना मधल्या पायऱ्या आपण 'कार्यस्मृती'त धरून ठेवतो. तिच्यात एका वेळी जेमतेम चारेक गोष्टी मावतात. त्यातली एक जागा काळजीने अडवली, तर घरी सहज सुटलेले उदाहरण परीक्षेत अडते, यात नवल ते काय?

यावर अमेरिकेतील वॉल्टन व कोहेन या मानसशास्त्रज्ञांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहण्यासारखा आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी वरच्या वर्गांतील मुलांचे अनुभव वाचायला दिले : आरंभी आम्हांलाही परके वाटे, हळूहळू ते सरले. काम जेमतेम तासाभराचे. पण तेथे अल्पसंख्य असलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढील तीन वर्षे सुधारत गेले. मात्र २२ संस्थांत झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की, जेथे आपलेपणा मिळायला खरोखर वाव होता, तेथेच हा उपाय लागू पडला. नुसता उपदेश पुरत नाही, हे आम्हां शिक्षकांनी लक्षात घ्यावे.

पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली, ती खेड्यांतून येणाऱ्या गरजू मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय व्हावी म्हणून. पण वसतिगृहात आणखी एक गोष्ट आपोआप मिळते. याच वाटेने दोन वर्षे आधी गेलेला कोणीतरी शेजारच्या खोलीत असतो. घरून ये-जा करणाऱ्याला तो शोधावा लागतो.

वर्गात करण्याजोगा एक सोपा प्रयोग आहे. तास संपताना प्रत्येकाने न समजलेली एक गोष्ट चिठ्ठीवर, नाव न घालता, लिहावी. शिक्षकांनी त्या चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी वाचून दाखवाव्यात आणि एकच शंका किती चिठ्ठ्यांत आली, ते मुलांनाच मोजू द्यावे.