भेटींची मोजदाद

हजेरी घेतांना "हजर" असें उत्तर येतें आणि पटावर खूण होते. त्या खुणेवरून मुलगा वर्गांत आला इतकेंच कळतें. त्याला धडा समजला किंवा नाहीं, हें कळत नाहीं. वेब ॲप्लिकेशनला भेट देणारांची गणती करतांनाही हाच भेद ध्यानांत ठेवावा लागतो. ही गणती कशी करावी व तिला मर्यादा कोणती, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

ब्राउझरनें एखादें पान मागितलें कीं सर्व्हर आपल्या नोंदवहींत एक ओळ लिहितो: कोणतें पान, केव्हां व कोणत्या पत्त्यावरून मागितलें. परंतु एका शाळेंतील सर्व संगणक बाहेर बहुधा एकाच पत्त्यानें ओळखले जातात. येथें उपयोगी पडते ती १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं योजिलेली 'कुकी'. कुकी म्हणजे ब्राउझरपाशीं ठेवलेली एक लहानशी चिठ्ठी. पुढच्या खेपेस ती परत दाखविली जाते, आणि हाच ब्राउझर पूर्वीं येऊन गेला हें कळतें. तथापि ब्राउझर म्हणजे मनुष्य नव्हे. एकच मनुष्य फोनवरून व संगणकावरून आला, तर तो दोनदां मोजला जातो. एका संगणकावर चार भावंडें बसलीं, तर तीं एकच ठरतात.

केवळ भेटी मोजून भागत नाहीं, म्हणून 'घटना' मोजण्याची पद्धति आली. गूगलनें २००५ सालीं सुरू केलेल्या ॲनालिटिक्सची भेटींवर आधारलेली जुनी पद्धति १ जुलै २०२३ पासून बंद होऊं लागली. नव्या पद्धतींत पान पाहणें हीदेखील एक घटनाच आहे. प्रत्येक घटनेस एक नांव असतें व सोबत थोडा तपशील असतो.

समजा, शाळेच्या ग्रंथालयाची सूची आपण ॲप्लिकेशनच्या रूपानें तयार केली. प्रथम कागदावर प्रश्न लिहावा: "मुलांना हवीं तीं पुस्तकें सांपडतात काय?" मग 'शोध केला' ही घटना ठरवावी व सांपडलेल्या पुस्तकांची संख्या हा तिचा तपशील ठेवावा. ही संख्या वारंवार शून्य येऊं लागली, तर उणीव कोठें आहे तें शोधण्यास आरंभ करतां येतो. 'पुस्तक राखून ठेवलें' ही घटना मात्र बटण दाबतांच नोंदवूं नये. सर्व्हरनें होकार दिल्यावरच नोंदवावी. बटण दाबणें म्हणजे हजेरी. पुस्तक मिळणें म्हणजे धडा समजणें.

आणखी एक सावधगिरी. आजचीं पुष्कळ ॲप्लिकेशनें संपूर्ण पान नव्यानें न मागवितां आंतील मजकूर तेवढा बदलतात. तेथें प्रत्येक बदलाची वर्दी वेगळी गेली पाहिजे. नाहीं तर दहा पानें पाहणारा एकच पान पाहून गेला असें दिसेल. उलट मोजणीच्या ओळी चुकून दोन ठिकाणीं घातल्या, तर सर्व आंकडे दुप्पट होतील. म्हणून आरंभीं स्वतः ठराविक कृति करून आंकडे ताडून पाहावे.

आतां मर्यादेचा प्रश्न. घटनेच्या तपशिलांत नांव, ईमेल किंवा फोन क्रमांक कधींही घालूं नये. शोधाचे शब्दही जसेच्या तसे साठवूं नयेत. एखादें मूल आपल्या आजाराविषयीं किंवा घरांतील दुःखाविषयीं पुस्तक शोधीत असेल. तें त्यानें आपणांस सांगितलेलें नसतें. २०२३ सालीं भारतांत संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानिलें आहे. नेमून दिलेले अपवाद वगळतां, बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास त्यांत मनाई सांगितली आहे, आणि त्यांची वैयक्तिक माहिती वापरण्यापूर्वीं पालकांची संमति आवश्यक ठरविली आहे. पालकांनींही मुलांच्या ॲप्लिकेशनांविषयीं अवश्य विचारावें: येथें काय मोजलें जातें व कशासाठीं?

ज्या प्रश्नाचें उत्तर हवें, त्यापुरतेंच मोजावें. वाचकांची सोय किती झाली हें पाहण्यासाठीं मोजणी करणें हें काम झालें. वाचक कोण, हें त्याच्या नकळत टिपून ठेवणें ही पाळत होय. हा भेद ज्यास कळला, त्याच्या हातीं ही विद्या निर्धास्तपणें द्यावी.