पैसे देण्याआधी मीटर लाव

सांगली, १८ मे

चि. मुक्ता हिस,


गाडी सकाळी नुसती टकटक करते आणि नाक्यावरच्या बॅटरीवाल्याने ‘मॅडम, बॅटरी गेली’ असं सांगून टाकलं, हे ताईकडून कळलं. गेलीही असेल. वॅगनआर तू जुनी घेतलीस तेव्हाच बॅटरीला तीन वर्षं होत आली होती, आणि नागपूरच्या उन्हात चौथा उन्हाळा काढणं हे काही खायचं काम नाही. लोक थंडीला दोष देतात, पण बॅटरी खरी मरते ती उन्हाळ्यात. उष्णतेने आतलं पाणी उडतं, प्लेटांची जाळी झपाट्याने गंजते. डिसेंबरात ऑइल घट्ट झालं की सेल्फला जास्त जोर लागतो आणि मग आधीच झालेलं नुकसान उघडं पडतं. तुझी मे महिन्यातच बोंब मारतेय, म्हणजे एकतर ती फारच थकलीय किंवा दोष दुसरीकडेच आहे. कुठे, ते आधी बघ. ज्याला बॅटरी विकायचीय त्याच्या तोंडून निकाल घेऊ नये.

चावी फिरवल्यावर टकटक होते आणि डॅशबोर्डचे दिवे मलूल होतात, तेव्हा करंट कमी पडतोय एवढंच सिद्ध होतं. दिवे लख्ख राहून एकदाच ‘टक्’ झालं तर संशय सेल्फवर घे. करंट कमी पडायला बॅटरीच जबाबदार असते असंही नाही. बॉनेट उघड आणि दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघ. क्लॅम्प फिरला की समज, ढिला आहे. त्यावर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर करंटची वाट तिथेच अडते. इंजिन बंद करून १० नंबरच्या पान्याने आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह केबल काढ, मग लाल. लावताना आधी लाल, शेवटी काळी. हा क्रम चुकवायचा नाही. काळी जोडलेली असताना लाल खोलायला गेलीस आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून जवळ काडीही ओढायची नाही. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घास. ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत मात्र जाऊ देऊ नकोस, आतल्या ॲसिडची वाट लागेल. नंतर कोरडं पूस, घट्ट आवळ आणि वरून व्हॅसलिनचा पातळ हात फिरव. निम्म्या ‘गेलेल्या’ बॅटऱ्या एवढ्यावर उठून बसतात, असं माझं मत आहे.

तरीही नाही उठली तर साधा मल्टिमीटर आण. गाडी रात्रभर बंद ठेव आणि सकाळी दार उघडण्याआधी व्होल्ट मोज. दार उघडलं की दिवे लागतात आणि आकडा खाली येतो, म्हणून बॉनेट आदल्या रात्रीच उघडून ठेव. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. १२ च्या आसपास असेल तर रिकामी होत आलीय. मग कुणाकडून तरी जंपर केबलने गाडी चालू करून घे आणि इंजिन चालू असताना पुन्हा मोज. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं तर अल्टरनेटर, म्हणजे आपल्या भाषेतला डायनॅमो, ठीक आहे. तेरादेखील दिसत नसेल तर नवी बॅटरी घालून उपयोग नाही, तीही आठवडाभरात बसेल. व्होल्ट पुरेसे असूनही सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर मात्र बॅटरीच खलास.

तिसरी शक्यता तुझ्या राहणीतली आहे. घरापासून ऑफिस तीन किलोमीटर, त्यात एसी, आणि शनिवार-रविवार गाडी उभी. सेल्फने जेवढं घेतलं तेवढंही एवढ्याशा अंतरात भरून निघत नाही. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, कंप्युटर मिळून थोडा करंट खात असतात. ३० मिलिॲम्पिअर धर, म्हणजे महिन्याला जवळपास २२ ॲम्पिअर-तास झाले. तुझी बॅटरीच ३५ची! म्हणून आठवड्यातून एकदा तरी वर्धा रोडला अर्धा-पाऊण तास गाडी मोकळी पळव. नुसतं दारात इंजिन घुरघुरत ठेवून काही साधत नाही.

पूर्वी अँबॅसिडरला हँडल मारून इंजिन चालू करता यायचं, बॅटरी रुसली तरी काम अडायचं नाही. तुझ्याकडे ती सोय नाही, तेव्हा डिकीत जंपर केबल ठेव. लाल केबल प्लसपासून प्लसला. काळीचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं तुझ्या इंजिनाच्या रंग न दिलेल्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी दर महिन्याला बघ. डिस्टिल्ड वॉटरच घाल. आरओचं चालत नाही, नळाचं तर नाहीच, आणि ‘थोडं ॲसिड टाकून देतो’ म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नकोस. मेंटेनन्स फ्री बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर फार विसंबू नकोस. तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो.

सगळं बघून नवी घ्यावीच लागली तर जुन्या बॅटरीवरचा कोड दुकानात दाखव. ३८बी२०एल असं काहीतरी असेल. त्यातला २० म्हणजे साधारण सेंटिमीटरमधली लांबी, शेवटचं अक्षर टर्मिनल कुठल्या बाजूला ते सांगतं. ते चुकलं तर केबलच पोचत नाही. दुकानदार ‘मोठी घ्या’ म्हणेल, पण घेऊ नकोस. ट्रेमध्ये नीट न बसणारी बॅटरी हादरे खाऊन लवकर जाते. गाडी सिग्नलला आपोआप बंद होणारी असेल तर साधी चालत नाही, ईएफबीसारखी त्यासाठी बनवलेलीच लागते. तुझी तशी नाही. वॉरंटीचे एकूण महिने बघू नकोस, त्यातले फुकट बदलून मिळायचे किती ते विचार. उरलेल्या महिन्यांत नुसती सूट मिळते. बॅटरीच्या अंगावरची बनवल्याची तारीख वाच, दुकानात सहा महिने पडलेली नको. वॉरंटी कार्डावर शिक्का घे. जुनी बॅटरी तिथेच देऊन तिचे पैसे बिलातून वजा करून घे, भंगारवाल्याकडे नेऊ नकोस. शिसं आणि ॲसिड नाल्यात जातं. रिकंडिशन्ड तर चुकूनही नको.

उद्या सकाळी दोन्ही आकडे मला कळव, बंद गाडीचा आणि चालू गाडीचा. ते येईपर्यंत कुणाला ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझा,
बाळूमामा