वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि ‘पानिपत’

‘निवडणुकीत त्या पक्षाचे पानिपत झाले’ हे वाक्य मराठी वातावरणात वाढलेल्या मुलाला सहसा समजावून सांगावे लागत नाही. इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथे घरी मराठी पण शाळेत आणि बाजारात दुसरी भाषा बोलणारा विद्यार्थी मात्र येथे अडखळतो. पानिपत हे हरियाणातील शहर, एवढे त्याला ठाऊक असते. शहर ‘होते’ कसे, हा त्याचा प्रश्न योग्यच आहे. शब्दशक्तींचा विचार याच प्रश्नापासून सुरू होतो.

शब्द ऐकताच जो सांकेतिक अर्थ कळतो तो वाच्यार्थ. तो देणारी शक्ती अभिधा. तो अर्थ वाक्यात जुळत नसेल तर त्याच्याशी निगडित दुसरा अर्थ घ्यावा लागतो. तो लक्ष्यार्थ, आणि ती शक्ती लक्षणा. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेला तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन.

वरील वाक्याला हे लावून पाहू. पक्षाचे शहर होणे शक्य नाही, हा बाध. १४ जानेवारी १७६१ रोजी त्या स्थळी मराठी सैन्याचा दारुण पराभव झाला, हा संबंध. ‘पराभव’ या साध्या शब्दात न मावणारा सर्वनाशाचा भाव सुचवणे, हे प्रयोजन. क्रिकेटच्या प्रत्येक हारीला ‘पानिपत’ म्हटले की हे प्रयोजन झिजते आणि मागे केवळ रूढी उरते.

‘त्याच्या नोकरीवर संक्रांत आली’ हे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. संक्रांत म्हणजे सूर्याचे राश्यंतर आणि तिळगुळाचा सण. मग तिचा अर्थ संकट कसा झाला? पंचांगात संक्रांतीचे देवतारूप वर्णन असते: वाहन, वस्त्र, हातातील वस्तू, येण्याची दिशा. ती ज्या वस्तू वापरते त्या महागतात किंवा नाश पावतात, अशी लोकसमजूत आहे. ती समजूत माहीत असेल तर गोड सणातून कडू अर्थ कसा निघाला याचा उलगडा होतो.

दुभाषिक विद्यार्थ्याच्या अडचणी दोन प्रकारच्या असतात. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हा वाच्यार्थातील फरक आहे. तो शब्दकोश दाखवतो. ‘पानिपत’, ‘संक्रांत’ यांचा वाच्यार्थ मात्र दोन्ही भाषांत सारखाच आहे. शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून विद्यार्थी कोश उघडतच नाही. बृहन्महाराष्ट्रातील घरांत मराठी टिकूनही तिचा लक्ष्यार्थ हरवतो तो असा, कोणाच्या लक्षातही न येता.

म्हणून वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ यांची यादी पाठ करून घेणे पुरेसे नाही. प्रत्येक उदाहरणाला तीन प्रश्न विचारावेत. शब्दशः अर्थ कोठे अडतो? नव्या अर्थाचा जुन्याशी धागा कोणता? त्या जागी साधा शब्द ठेवला तर काय हरवते? पहिल्या दोन प्रश्नांनी लक्ष्यार्थ हाती येतो. तिसऱ्याने विद्यार्थी व्यंजनेच्या उंबरठ्यावर पोहोचतो, आणि साहित्याचे वाचन तेथूनच सुरू होते.