वेरूळच्या रस्त्याला रोल केज कशाला?

गाडीतला रोल केज, म्हणजे आत बसवलेला पोलादी पाइपांचा सांगाडा, काढून टाकला की लोक भित्रा म्हणतात, आणि पाइप वेल्ड करून देणारा गॅरेजवाला तर हक्काने सुनावतो की सेफ्टी काढून टाकली. हे सगळं ऐकून घेतलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतो. रेसमधली सुरक्षा हा अखंड संच असतो. केज, सहा पट्ट्यांचा हार्नेस, बकेट सीट, हेल्मेट आणि मान सांभाळणारा हान्स ही पाचही एकमेकांच्या भरवशावर काम करतात. त्यातलं निम्मं सामान रोजच्या गाडीत बसवलं, तर गाडी आधीपेक्षा धोक्याची होते. धड जखडलं आणि डोकं मोकळं राहिलं की समोरच्या टकरीत सगळा हिसका मानेवर येतो. 2001 मध्ये डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट गेला तो कवटीच्या तळाचं हाड मोडून, आणि त्याने हान्स घातलेला नव्हता. फॉर्म्युला वनने 2003 पासून तो सक्तीचा केला. भाजी आणायला हेल्मेट आणि हान्स घालून कोण निघतं?

रस्त्यावरच्या गाडीचा हिशेब वेगळा आहे. तिचा पट्टा धडकेच्या क्षणी आवळतो, मग ठरावीक भारानंतर थोडा सैल सोडतो आणि अंग एअरबॅगवर जाऊ देतो. केजचा पाइप दारावरच्या कडेने, कानापासून वीतभर अंतरावरून जातो, आणि पडद्याची एअरबॅग नेमकी तिथेच उघडायची असते. बाजूने धडक बसली की उघडं डोकं त्या पोलादावर आपटतं. ‘फोम लावलाय ना’ असं सांगतात, तेव्हा तो बोटाने दाबून बघा. सहज दबला तर तो डोकं वाचवणारा नव्हे. रेसचं पॅडिंग हाताला टणक लागतं. बकेट सीट घातली की मूळ सीटच्या कुशीतली एअरबॅगही जाते. शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाच्या गाड्या जुळू लागल्या, त्यामुळे आपल्याकडे ऑक्टाव्हियाची हौस जुनी. पण तिची वेगवान आरएस आवृत्ती असली तरी ती पाच माणसांचीच गाडी. मागच्या सीटवर कोण बसतं, एवढा एक प्रश्न केज विकणारे कधी विचारत नाहीत, याचा मला राग आहे.

आता हाच सरंजाम घेऊन शहरातून वेरूळला जाण्याचा विचार करा. दौलताबादच्या कोटाचा जुना दरवाजा अरुंद आहे, तिथे पुढे वाकून, मान वळवून समोरचा अंदाज घ्यावा लागतो. श्रावणात घृष्णेश्वराला आणि शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला भाविक पायी निघालेले असतात. हार्नेस घट्ट असेल तर वाकता येत नाही. सैल केला तर कमरेचा पट्टा हाडावरून पोटावर सरकतो आणि टकरीत आतड्यांनाच इजा करतो.

यावर म्हणतात, पोर्शे कारखान्यातूनच क्लबस्पोर्ट पॅकेज देते. देते, पण त्यातला केज पुढच्या सीटांच्या मागे असतो, बोल्टने बसतो आणि तीन टोकांचा पट्टा जागेवरच राहतो. माझं म्हणणं याहून वेगळं नाही. दुसरे म्हणतात, ‘आम्ही ट्रॅकवर जातो.’ कोइमतूरचं कारी किंवा चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टाई गाठेपर्यंत हजाराहून अधिक किलोमीटर रस्ताच कापायचा असतो. मागे कुणी बसत नसेल तर मागचा अर्धा केज ठेवा, जाता-येता मूळ पट्टा लावा, हार्नेस ट्रॅकवर हेल्मेटसोबतच वापरा. कायदाही तपासा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत मनमानी फेरफार करता येत नाहीत. कलम 182अ खाली प्रत्येक फेरफाराला 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद आहे. विमा कंपनीला लेखी विचारा, गॅरेजवाल्याचं तोंडी ‘काही होत नाही’ दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

बाकी टायर आणि ब्रेक चांगले ठेवा, हे सांगायला नको. फक्त रेसचे ब्रेक पॅड रोजच्या गाडीला लावू नका. थंड असताना ते नीट पकडत नाहीत, आणि गावातलं पहिलं ब्रेक थंडच असतं. अग्निशामक मात्र जरूर घ्या, पण धातूच्या पट्टीने बोल्ट करून बसवा. सीटखाली सुटा ठेवलेला सिलिंडर जोरात ब्रेक दाबताच पुढे घरंगळून पेडलखाली अडकू शकतो.