सभामंडपाचा घुमारा

मालवण तालुक्यातील आमच्या गावच्या देवळाचा जुना सभामंडप दोन वर्षांपूर्वी उतरवला. कौले आणि सारवलेली जमीन गेली. स्लॅब व गुळगुळीत लाद्या आल्या. मंडप देखणा झाला. पण पहिल्याच एकादशीला भजनातील शब्द एकमेकांत मिसळले. पायपेटी तीच, वाजवणारे माझे आजोबाही तेच. मग बदलले काय?

याचे उत्तर शोधण्याचे काम १८९५ साली सुरू झाले. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाने ऑर्गनची नळी वाजवून, रात्रीच्या शांततेत, दुसऱ्या सभागृहातील गाद्या आणून मोजमापे केली. जागा मोठी तितका घुमारा लांब. आवाज शोषणारे पृष्ठभाग जास्त तितका तो आखूड. आमची सारवलेली जमीन आवाज शोषत होती, कौलांच्या फटी तो बाहेर सोडत होत्या. लादी आणि स्लॅब तो परत फेकतात.

सुदैवाने मंडप उतरण्यापूर्वी एका मध्यरात्री मी पेटीच्या जागी फुगा फोडला आणि श्रोत्यांच्या जागी दोन मायक्रोफोन ठेवून त्याचा आवाज टिपला. त्या क्षणिक आवाजाला वास्तूने दिलेले उत्तर म्हणजेच ‘इम्पल्स रिस्पॉन्स’. संगणकातील आवाज म्हणजे सेकंदाला ४८,००० आकडे. त्यातील प्रत्येक आकडा जणू एक लहानसा फुगा. प्रत्येकाला मंडपाचे उत्तर जोडून सर्वांची बेरीज करणे, हेच ‘कन्व्होल्यूशन’. एक सेकंदाच्या घुमाऱ्यासाठी सरळ पद्धतीने सेकंदाला सुमारे २३० कोटी गुणाकार लागतात. घुमाऱ्याचे तुकडे पाडून जलद फूरिए रूपांतराने ते काम हलके होते. म्हणून वाजवता वाजवताच घुमारा ऐकू येतो.

यासाठी मी ‘ग्रँडऑर्ग’ ही नळ्यांच्या ऑर्गनसाठी केलेली मोफत संगणकप्रणाली वापरली. गोधड्या टांगलेल्या खोलीत पायपेटीची एकेक पट्टी ध्वनिमुद्रित केली. हे महत्त्वाचे आहे: मूळ मुद्रणातच खोली घुमत असेल, तर एका वास्तूत दुसरी वास्तू कोंबल्यासारखे होते. मग प्रणालीच्या ‘रिव्हर्ब’ विभागात फुग्याची फाईल दिली. फुग्यापूर्वीची शांतता आधीच कापली, नाहीतर घुमारा उशिरा येतो. शेवटी समुद्राची गाज वर येत होती, तेथे आवाज हळूहळू शून्यावर नेला. घुमारा मिळवल्यावर आवाज चढून फाटू लागला, म्हणून एकूण पातळी उतरवली. साऊंड कार्डाचा बफर २५६ ठेवला. त्याने सुमारे पाच सहस्रांश सेकंद विलंब होतो, तो बोटांना जाणवत नाही.

आजोबांना वाजवायला बसवले. चार सूर वाजवून ते थांबले, डोळे मिटून म्हणाले, “हो आमचो जुनो मांडव!”

वाद्य म्हणजे केवळ पेटी नव्हे. ज्या जागेत ते वाजते ती जागाही वाद्याचाच भाग आहे. नव्या मंडपात सतरंज्या अंथरून व जाड पडदे लावून शब्द पुन्हा स्पष्ट करता येतील आणि तसे आम्ही सुचवलेही आहे. पण जुना घुमारा आता त्या फाईलपुरताच उरला आहे. मित्रहो, तुमच्या गावचा मंडप उतरणार असेल, तर त्याआधी एका शांत रात्री एक फुगा फोडून ठेवा.