गरम पाणी का येत नाही?
(बादली, घड्याळ आणि तापमापी यांच्या साहाय्याने एक शोध)

तांब्याचा बंब आता फारच थोड्या घरांत उरला आहे. बंबात पाणी आधी तापवून साठवायचे आणि मग हवे तसे काढून घ्यायचे, अशी रीत होती. गॅसच्या गीझरमध्ये पाण्याचा साठा नसतो. नळ सोडला की पाणी तांब्याच्या नळीतून वाहू लागते, नळीखाली ज्योत पेटते, आणि वाहता वाहताच पाणी तापते. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन याने १८६८ साली असे वाहते पाणी तापवणारे घरगुती उपकरण बनवले. आइसलंडमधील उष्णोदकाच्या कारंज्यांवरून त्याने त्याला ‘गीझर’ हे नाव दिले. त्या उपकरणाला धुराडे नव्हते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज लागेल.

हिवाळ्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : “गीझरला गरम पाणीच येत नाही!” या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पाणी गरम येते पण उशिरा येते. पाणी गरम येते पण बारीक धारेने येते. किंवा धार चांगली असते पण पाणी कोमटच राहते. तिन्हींची कारणे निराळी आहेत. ती ओळखायला नववीचे पदार्थविज्ञान पुरते.

उष्णतेचा हिशेब

१ लिटर पाण्याचे तापमान १° सें. ने वाढवण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते. बाजारात मिळणारा ६ लिटरचा गीझर म्हणजे दर मिनिटाला ६ लिटर पाण्याचे तापमान साधारण २५° ने वाढवणारा गीझर. म्हणून,

६ × २५ = १५० किलोकॅलरी दर मिनिटास.

ही गीझरची क्षमता झाली. ज्योतीची सगळी उष्णता पाण्याला मिळत नाही. काही धुराबरोबर निघून जाते. शंभरातील ऐंशी भाग पाण्याला मिळतात असे धरले, तर ज्योतीने सुमारे १८८ किलोकॅलरी द्यायला हव्यात. १ किलो एल.पी.जी. जळाला की सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे मिनिटाला सुमारे १७ ग्रॅम गॅस जळतो.

प्रयोग

साहित्य : १५ लिटरची बादली, सेकंदकाटा असलेले घड्याळ, प्रयोगशाळेतील तापमापी. (ताप पाहण्याचा तापमापी वापरू नका. त्याची पट्टी ४२° च्या आसपास संपते.) प्रयोगाच्या वेळी घरातील मोठे माणूस जवळ असावे, आणि खिडकी व दार उघडे ठेवावे.

प्रथम थंड पाण्याचे तापमान घ्या. मग गीझर सुरू करून गॅसचे बटण पूर्ण उघडा. पाणी एकसारखे गरम येऊ लागले की बादली धारेखाली ठेवा. ती भरायला लागणारा वेळ मोजा आणि लगेच तापमान पाहा. मिनिटाला किती लिटर पाणी आले त्याला तापमानवाढीने गुणले की पाण्याला दर मिनिटास मिळालेली उष्णता कळते.

समजा, पहिल्या घरात मिनिटाला ४ लिटर पाणी आले आणि तापमान २०° वरून ५६° झाले. ४ × ३६ = १४४. गीझर ठणठणीत आहे. दोष पाण्याच्या वाटेत आहे. दुसऱ्या घरात मिनिटाला ६ लिटर पाणी आले, पण तापमान २०° वरून ३२° वरच थांबले. ६ × १२ = ७२. येथे पाण्याला निम्मीच उष्णता मिळते आहे. दोष ज्योतीत किंवा ज्योतीपासून पाण्यापर्यंतच्या वाटेत आहे. गीझरचे झाकणही न उघडता आपण अर्धा शोध पुरा केला!

दोष पाण्याच्या वाटेत असेल तर

गीझरमध्ये रबराचा एक पडदा असतो. वाहत्या पाण्याच्या दाबाने तो सरकला तरच गॅसची झडप उघडते. टाकी नळापेक्षा फक्त दोन-तीन मीटर उंच असेल, तर दाब जेमतेम पुरतो. अशा वेळी स्वयंपाकघरातील नळ कोणी सोडला की दाब उतरतो आणि ज्योत विझते. पाणी आत शिरते तेथे एक बारीक जाळी असते. तिच्यात गाळ अडकला तरी हेच घडते. ज्योत पेटतच नसेल, तर आधी सेल पाहावेत. ठिणगी पाडणारी वीज बहुतेक गीझरांत दोन मोठ्या सेलमधूनच येते.

दोष उष्णतेच्या वाटेत असेल तर

गीझरच्या खिडकीतून ज्योत पाहा. ज्योत निळी पण आखूड असेल तर गॅस कमी पडतो आहे. सिलिंडरमध्ये द्रवरूप प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. द्रवाचा वायू होताना अप्रकट उष्मा लागतो. तो सिलिंडरच्या पत्र्यातून, म्हणजे भोवतालच्या हवेतून मिळतो. म्हणून गॅस जोरात वापरला की सिलिंडर गार पडतो, कधी त्यावर दवही जमते. थंडीच्या पहाटे, विशेषतः सिलिंडर संपत आला असता, गॅस मंद का होतो हे आता तुमच्या लक्षात येईल. मात्र सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे किंवा आडवा पाडणे हे उपाय धोक्याचे आहेत. ते कधीही करू नयेत.

ज्योत निळी आणि भरपूर असूनही पाणी कोमट असेल, तर तांब्याच्या नळीत क्षार बसले असण्याचा संभव आहे. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन असते. ते तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे कार्बोनेट होऊन त्याचा पांढरा थर नळीच्या आतून चिकटतो. तांब्याच्या मानाने हा थर उष्णतेचा फारच मंद वाहक आहे. ज्योतीची उष्णता मग पाण्यात न जाता धुराबरोबर वर जाते. जाणत्या कारागिराकडून नळी धुऊन घेणे हा त्यावर उपाय.

ज्योत पिवळी असेल तर

येथे मात्र थांबा, आणि गीझर बंद करा. पिवळी ज्योत म्हणजे अपुरे ज्वलन. बर्नरमध्ये धूळ किंवा जाळी अडकली असेल, किंवा खोलीतली हवाच कमी पडत असेल. अपुऱ्या ज्वलनातून काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. गॅस गळला तर मिसळलेल्या मर्कॅप्टनमुळे वास येतो. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने बांधला जातो.

थोडा हिशेब करू. १ किलो एल.पी.जी. पुरता जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला १७ ग्रॅम गॅस जळतो, म्हणजे मिनिटाला सुमारे २२० लिटर हवा लागते. न्हाणीघर १.५ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच असेल, तर त्यात ४,३२० लिटर हवा मावते. ही सगळी हवा अवघ्या वीस मिनिटांची झाली! ज्वलन बिघडायला तितकाही वेळ लागत नाही. एकामागून एक तिघांनी दार लावून आंघोळ केली की तिसऱ्याच्या वाट्याला काय येते, याचा विचार करा.

थंडीत पाणी कोमट येते म्हणून लोक झरोक्याला कागद चिकटवतात, खिडकी लावून घेतात. मूळ दोष त्याने जात नाही, धोका मात्र वाढतो. हवा आत यायला वाट नसताना बाहेर फेकणारा पंखा लावला, तर तो धुराड्यातील धूरच उलटा खोलीत ओढू शकतो. आंघोळ करताना डोके दुखू लागले, चक्कर आली किंवा मळमळले, तर अंगावर पाणी तसेच असू द्या; गीझर बंद करून ताबडतोब मोकळ्या हवेत या. आत कोणी बेशुद्ध पडले असेल, तर दार उघडून त्याला प्रथम बाहेर आणा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

उशिरा येणारे पाणी

आता राहिली पहिली तक्रार. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत बसवणे सर्वांत सुरक्षित. पण मग नळ लांबतो. समजा, १० मीटर लांबीचा, आतून १६ मि.मी. व्यासाचा लोखंडी नळ आहे. त्यात २ लिटर गार पाणी असते. शिवाय नळाचे सुमारे १२ किलो लोखंडही तापावे लागते. लोखंडाचा विशिष्ट उष्मा ०.११ आहे, म्हणजे हे लोखंड १.३ लिटर पाण्याइतकी उष्णता घेते. एकूण ३.३ लिटर. मिनिटाला ४ लिटर पाणी येत असेल, तर सुमारे ५० सेकंद थांबणे आले. यात गीझरचा काहीच दोष नाही. ते गार पाणी बादलीत धरून ठेवा, विसाणाला उपयोगी पडेल. घरातल्यांनी कुरकूर केली तर त्यांना हा हिशेब दाखवा आणि सांगा, की या ५० सेकंदांच्या बदल्यात विषारी धूर न्हाणीघराबाहेर राहतो.

सोडवून पाहा

१. वरील नळ प्लॅस्टिकचा घेतला तर थांबण्याचा वेळ कमी होईल की वाढेल? का?
२. चार माणसांच्या घरात गीझर रोज २० मिनिटे चालतो. १४.२ किलोचा सिलिंडर किती दिवस पुरेल?
३. तुमच्या घरच्या न्हाणीघराचे घनफळ काढा. गीझर आत असेल, तर ती हवा किती मिनिटांची आहे? हे उत्तर घरातील सर्वांना वाचून दाखवा.