अल्प दाबाचे दिवे : उष्णता आणि सुरक्षितता

विजेच्या दिव्यांसंबंधी दोन समजुती आज सर्वत्र रूढ झालेल्या आढळतात. 12 व्होल्टचा दिवा निर्धोक असतो, ही पहिली. आणि एलईडीचा दिवा थंड असतो, ही दुसरी. दोन्ही समजुतींत सत्याचा अंश आहे. परंतु उरलेल्या भागाकडे दुर्लक्ष झाल्यास प्रसंगी घरास आग लागण्याचा संभव असतो. भारत सरकारच्या उजाला योजनेखाली 2015 सालापासून 36 कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले आहेत. ज्या साधनाचा प्रसार एवढा विस्तृत आहे, त्याच्या उष्णतेचे गणित प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असणे इष्ट होय.

धक्का आणि आग

विजेपासून मुख्यतः दोन प्रकारचे अपाय संभवतात. प्रवाह शरीरातून वाहिल्यास धक्का बसतो. तारेत उत्पन्न होणारी उष्णता अनावर झाल्यास आग लागते. शरीरातून किती प्रवाह वाहील हे दाबावर आणि शरीराच्या रोधावर अवलंबून असते. कोरड्या त्वचेचा रोध मोठा असल्यामुळे 12 व्होल्टचा दाब तिच्यातून अगदी क्षीण प्रवाहच ढकलू शकतो. ओल्या त्वचेचा रोध मात्र पुष्कळच कमी होतो. आंतरराष्ट्रीय मानकांत प्रत्यावर्ती प्रवाहाचा 50 व्होल्टपर्यंतचा दाब अत्यल्प मानला जात असला, तरी पोहण्याच्या तलावातील पाण्याखालच्या दिव्यांसाठी 12 व्होल्टची मर्यादा घातलेली असते, ती याच कारणास्तव.

उष्णतेचा नियम मात्र निराळा आहे. जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1841 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले की, तारेत दर सेकंदास उत्पन्न होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. तिप्पट झाला की नऊपट. दिव्याची शक्ती म्हणजे दाब व प्रवाह यांचा गुणाकार. तेव्हा शक्ती तेवढीच ठेवून दाब कमी केला, की प्रवाह वाढलाच पाहिजे. अल्प दाबाने धक्क्याचे भय कमी होते, पण त्याबरोबर तारेतील उष्णता वाढते.

एका पट्टीचे गणित

रोषणाईसाठी मिळणारी 12 व्होल्टची एलईडी पट्टी घेऊ. पट्टी 5 मीटर लांब असून ती दर मीटरास 14.4 वॉट शक्ती घेते असे मानल्यास एकूण शक्ती 72 वॉट, आणि प्रवाह 6 अँपिअर होतो. तेवढ्याच शक्तीच्या 230 व्होल्टच्या दिव्यास सुमारे 0.31 अँपिअर प्रवाह पुरतो. म्हणजे पट्टीचा प्रवाह सुमारे 19 पट झाला. दोन्ही ठिकाणी एकच तार वापरली, तर तिच्यातील उष्णता 19 च्या वर्गाइतकी, म्हणजे साडेतीनशे पटींहून अधिक होईल.

आता ही तार 0.75 चौरस मिलिमीटर छेदाची, तांब्याची, आणि जाणारी-येणारी मिळून 10 मीटर लांबीची आहे असे समजू. तिचा रोध सुमारे 0.23 ओम भरतो. 230 व्होल्टच्या दिव्यासाठी तिच्यात एका वॉटचा सुमारे पन्नासावा हिस्साच वाया जातो. 12 व्होल्टच्या पट्टीसाठी मात्र 8 वॉटांहून अधिक शक्ती उष्णतेत जाते, आणि सुमारे 1.4 व्होल्ट दाब वाटेतच खर्ची पडतो. तार मोकळी पसरलेली असेल तर ही उष्णता 10 मीटरभर विखुरते व तार केवळ कोमट होते. खरा धोका उष्णता एकाच ठिकाणी साठते तेथे असतो.

सैल जोडाचा धोका

तारेचा जोड सैल राहिला अथवा त्यावर गंज चढला, तर त्या ठिकाणी 0.2 ओम रोध सहज उत्पन्न होऊ शकतो. त्यातून 6 अँपिअर प्रवाह वाहताना 7 वॉटांहून अधिक उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत प्रकट होते. सामान्य पीव्हीसी आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनविलेले असते. ते मऊ होऊन वितळू लागते. तापलेल्या जोडावर गंज अधिक चढतो, त्याने रोध वाढतो, आणि वाढलेला रोध जोडास आणखी तापवितो. शेजारी कापडी पडदा अथवा कागदी मखर असेल, तर पुढील अनर्थ सांगावयास नको.

येथे वितळतार, अर्थात फ्यूज, आपले रक्षण करील असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वितळतार प्रवाह मर्यादेपलीकडे गेला तरच वितळते. सैल जोडामुळे मंडलाचा रोध वाढतो. त्यामुळे प्रवाह वाढण्याऐवजी किंचित घटतो, आणि जोड जळत असतानाही वितळतार शाबूत राहते. तिचा खरा उपयोग दोन तारा परस्परांस चिकटल्यास होतो. मोटारीची 12 व्होल्टची बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते आणि बारीक तार क्षणात लाल होते. म्हणून बॅटरीच्या मंडलातील वितळतार बॅटरीच्या अग्राजवळच बसवावी.

थंड प्रकाश, तप्त चिप

60 वॉटचा तंतूचा जुना दिवा आपल्या शक्तीपैकी सुमारे 5 टक्केच दृश्य प्रकाशात रूपांतरित करीत असे. बाकीची बहुतेक शक्ती अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडे. म्हणूनच त्याच्या प्रकाशाखाली हात धरला की ऊब लागे. जवळजवळ तेवढाच प्रकाश 9 वॉटचा एलईडी दिवा देतो. त्याच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळजवळ नसतात, म्हणून तो थंड भासतो.

तथापि या 9 वॉटांतीलही निम्म्याहून अधिक शक्ती उष्णताच होते, आणि तिला किरणांवाटे निसटता येत नाही. ती अगदी लहान अर्धवाहक चिपमध्ये निर्माण होते व तेथून धातूतून वहनाने आणि मग हवेच्या अभिसरणानेच बाहेर पडते. दिव्याच्या मागील ॲल्युमिनियमच्या भागाचे प्रयोजन हेच होय. हवा कोंडली तर चिप तापते, प्रकाश मंदावतो आणि आयुष्य घटते. दिव्यातील विद्युत्-अपघटनी धारित्र तर याहून नाजूक असते. तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

घ्यावयाची काळजी

पट्टी रिळावर गुंडाळलेली असताना दीर्घकाळ पेटवू नये; 72 वॉटची उष्णता तळहाताएवढ्या जागेत कोंडते. लांब अंतरासाठी जाड तार घ्यावी, अथवा 24 व्होल्टची पट्टी निवडावी. दाब दुप्पट केल्याने त्याच तारेतील उष्णता एकचतुर्थांश होते. नुसत्या तारा पिळून जोड देऊ नये. तो स्क्रूने घट्ट आवळावा अथवा डाख देऊन पक्का करावा, आणि दिवे तासभर चालल्यावर पुरवठा बंद करून जोड तापला आहे काय, हे तपासावे. पुरवठा-साधन उशी, गादी अथवा पडद्याआड झाकू नये.

आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. घरातील नेहमीचा एलईडी दिवा अल्प दाबाचा नसून 230 व्होल्टचाच असतो, आणि पुष्कळदा त्याचे आतील मंडल मुख्य पुरवठ्यापासून विलग केलेले नसते. आवरण निघालेल्या अशा पेटत्या दिव्याच्या अंतर्भागास झालेला स्पर्श प्राणघातक ठरू शकतो.

अभ्यासासाठी प्रश्न

1. 48 वॉटच्या पट्टीस 12 व्होल्टवर व 24 व्होल्टवर किती प्रवाह लागेल? एकाच तारेतील उष्णतेचे प्रमाण काढा.
2. जोड सैल असताना वितळतार का वितळत नाही?
3. एकसारखे दोन एलईडी दिवे, एक उघडा व दुसरा काचेच्या बंद गोलात, लावले असता कोणता अधिक काळ टिकेल? कारण सांगा.